शिवाच्या फटफटीला जोडलेली होडी

मांडवीच्या शिवाने चौतीस सालच्या शिमग्याला मुंबईहून कोरी करकरीत फटफटी आणली. नऊ वर्षं मोटारींच्या कारखान्यात काढलेला माणूस, तो दुसरं काय आणणार? बोट नेहमीप्रमाणे खोल पाण्यात थांबली, फटफटी दोरखंडाने पडावात उतरली, आणि काठाला लागताच शिवाने सगळ्यांदेखत शब्द दिला, की पहिली फेरी बायकोला घेऊनच. बायकोला विचारायचं तेवढं राहिलं.

“मी नाय बसायची,” कमळा म्हणाली आणि मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला गेली.

का, ते तिला विचारावं की नाही? पण विचारण्यापेक्षा पुरुषांना हातोडा उचलणं सोपं जातं. ती घाबरली, असं शिवाने आपलं आपणच ठरवलं. धुरळा उडू नये म्हणून मडगार्डला चामड्याची झालर लावली. पडलोच तर पाय वाचावेत म्हणून दोन्ही बाजूंना लोखंडी कांबी वाकवून बसवल्या. मागच्या बैठकीत काथ्या ठासला. लुगडं चाकात जाऊ नये म्हणून चाकाला मासेमारीचं जाळं बांधलं. कमळाचं लुगडं गुडघ्यावर खोचलेलं, ते चाकापर्यंत पोचणार कसं, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. शेवटी खाऱ्या वाऱ्याने गंज चढेल म्हणून होडीला चोपडतात ते माशाचं तेल सगळ्या फटफटीला चोपडलं. दुसऱ्या दिवशी मांडवीतली यच्चयावत मांजरं तिच्याभोवती येऊन बसली.

“शिवा, आता शीड तेवढं लाव,” शेजारची गुणवंती दारातून म्हणाली. “उतारू तर जमलेच हायेत.”

रजेचे चार दिवस उरले. शब्द मोडायचा नव्हता, आणि एक फेरीही न मारता फटफटी परत बोटीत चढवायची म्हणजे शिवाच्या जिवावर आलं होतं. आल्यापासून रोज सकाळी तो इंजिन सुरू करी, डोळे मिटून फटफट ऐके आणि बंद करी. अखेर त्याने तोंड उघडलं. “तुला भीती कसली वाटते गो?”

“भीती?” मासे निवडता निवडता कमळा म्हणाली. “अवो, तुमच्या मागं बसून मी बघू काय? तुमची पाठ? ती तर दर शिमगा सरला की बघतेच हाय.”

कमळा भाट्याच्या खाडीवर होडीतून माणसं पलीकडे पोचवणाऱ्या तरवाल्याची मुलगी. पाच वर्षांची असल्यापासून बापाच्या होडीत अगदी पुढच्या टोकाला बसायची आणि वाळू कुठे वर आलीय ते ओरडून सांगायची. ती कुणाच्या मागे कशाला बसेल?

शिवा तडक सासऱ्यांकडे गेला. त्यांची एक छोटी होडी काठावर वाळत पडली होती. ती त्याने मधोमध कापली, पुढचा अर्धा भाग फटफटीच्या एका बाजूच्या कांबींना बोल्टांनी आवळला आणि बाहेरच्या अंगाला हातगाडीचं चाक लावलं. तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी कमळा अंबोड्यात अबोली माळून होडीत चढली, पाटी मांडीवर घेऊन. फटफटी सुटली. मागून मांजरं सुटली. कोंबड्या कौलांवर चढल्या.

“डावीकडं घ्या. दगड हाय, दगड. आता सोडा जोरात,” कमळा हात दाखवून दाखवून सांगत होती, आणि शिवा हसत हसत, ती सांगेल तसं वळवत होता.

खाडीच्या काठाशी रस्ता संपला. शिवाने इंजिन बंद केलं. “झाली फेरी. आता जाऊया घरी?”

“घरी कशाला?” कमळा म्हणाली. “पुन्हा मारा. मघाशी गुणवंती परसात होती, तिनं पायलंच नाय.”