पहिला कळस आणि क्लोरीनमामा

क्लोरीनमामांचा हात आधी चालायचा आणि तोंड मागून. नव्या पाइपलाइनीत क्लोरीनचं पाणी भरून ती निर्जंतुक करायला ते पालमच्या आसपास गावोगाव फिरत. मी सरपंच असताना आमच्या गावात आले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी ठेकेदाराच्या माणसाच्या कानाखाली वाजवली. तो क्लोरीनची पावडर कालवलेल्या पिंपात वाकून बघत होता. "डोळं गेलं असतं तुजं!" हे त्याला मार खाल्ल्यावर कळलं.

नवा पाइप दिसला की मामा आत नाक घालून हुंगत. कुणी म्हणालं, "मामा, कोरा माल हाय," की भडकत. "कोरा म्हंजे सोवळा न्हाई. महिनाभर रस्त्याकडंला पडलाय. कुत्र्यानं काय त्यात पोथी वाचली?"

आमची लाइन भरून त्यांनी व्हॉल्व्हला कुलूप घातलं. चोवीस तास ते पाणी आत ठेवायचं, मग माळावर सोडून द्यायचं, त्यानंतर प्यायचं. मला दोनदा बजावलं, "ताई, हे पाणी न्हाई, जहर हाय." मी मान डोलावली. पण आमच्याकडे नव्या पाण्याचा पहिला कळस मारुतीला घालतात आणि तीर्थ म्हणून वाटतात. मुहूर्त नेमका दुसऱ्या दिवशी सकाळचा, चोवीस तास भरायच्या आधीचा निघाला. तो टळू नये म्हणून माझ्या दिराने घणाने कुलूप फोडलं. अडवायचं मी, तर मीच नवं लुगडं नेसून मिरवायला पुढे.

नळाला हळदकुंकू वाहून मी कळस भरला. वास भपकन आला, पण देवाच्या कामात नाक कोण मुरडणार? तेवढ्यात मामा धावत आले आणि त्यांनी हातातला पाना कळसावर हाणला. कळस उडून माझ्या भुवईवर आदळला, रक्त आलं. देवाचं पाणी सांडलं म्हणून माणसं मामांवर तुटून पडली. चपला, पाइपाचे तुकडे, हाताला येईल ते. मामाही ऐकणारे नव्हते. दिराचे दोन दात त्यांनी पाडले. मग ते खाली पडले आणि मी ओरडले, "हाणा त्याला!" हे मी बोलले, दुसरं कुणी नाही.

मार खाताना ते एकच सांगत होते, "पिऊ नका, पिऊ नका." माझ्या सासूने मात्र नळाखाली ओंजळ धरून केव्हाच घोट घेतला होता. ती घसा धरून खाली बसली, ओकू लागली. तेव्हा कुठे हात थांबले. दोघांना एकाच जीपमध्ये घातलं. रक्ताने भरलेल्या तोंडाने मामांनी विचारलं, "व्हॉल्व्ह बंद केला का?"

सासू चार दिवसांत सावरली. मामांच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या. त्यांनी फोनवर सांगितलं तशी मी स्वतः उभी राहून लाइन धुऊन काढली. माळावर चिखल आला, मेलेली पाल आली.

चांगलं पाणी आलं तेव्हा मी बाटली भरून दवाखान्यात मामांकडे गेले. म्हणाले, "मामा, हाणा म्हणणारी मीच व्हते."

"ऐकलं मी."

त्यांनी पिशवीतून क्लोरीन तपासायची काचेची नळी काढली, त्यात बाटलीतलं पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले आणि पाणी प्यायजोगं असल्याचा फिकट पिवळा रंग येईपर्यंत बघत राहिले. "गावाला पाजा आता," म्हणाले. बाटली मात्र त्यांनी माझ्या हातात परत दिली. एक घोटही घेतला नाही.