सही उद्या, आधी घरी विचारा

आज जिच्या पंच्याहत्तरीसाठी आपण जमलो, त्या मध्यस्थ सुमनताईंची नि माझी पहिली गाठ नागपूरच्या मध्यस्थी केंद्रात पडली. मी नवा वकील. पक्षकारापेक्षा माझाच आवाज मोठा. ताई शांतपणे म्हणाल्या, "वकीलसाहेब, तुम्ही चहा घेऊन या. भांडण यांचं आहे, यांनाच करू द्या." मी परतलो तेव्हा दोन्ही पक्ष एकमेकांशी बोलत होते. तेव्हापासून मी ताईंच्या हाताखाली शिकतो आहे.

ताईंचा एक दंडक आहे. समेट झाला तरी त्याच दिवशी सही नाही. पक्षकारांनी गावी जावे, घरच्या बायकांना विचारावे, मग यावे. घरात न विचारता केलेली तडजोड चुलीपाशी मोडते, असे त्या म्हणत. या दंडकाने कित्येक घरे पुन्हा नांदती झाली. ताईंचे निकाल स्वयंपाकघरात लागतात, अशी आम्ही थट्टाही करायचो.

मध्यस्थीतले बाहेर सांगायचे नसते, म्हणून नावे गाळतो. कुहीकडचे दोन भाऊ धानाच्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वर्षानुवर्षे कोर्टात भांडत होते. ताईंसमोर थोरल्यांनी धुरा सोडला, धाकट्यांनी पाण्याला वाट दिली. धाकटे तर पेन मागत होते. ताईंनी दोघांना घरी पाठवले. परत यायच्या आधीच थोरले हृदयविकाराने गेले. सही नव्हती, पुतण्यांनी समेट मानला नाही, काकांना तिरडीजवळही येऊ दिले नाही.

तेरवीनंतर ताई धाकट्यांकडे गेल्या, मी सोबत होतो. ते एवढेच म्हणाले, "ताई, तवा सही करू देली असती, त माया भावाले खांदा तरी देता आला असता."

ताईंनी दंडकाचे समर्थन केले नाही. अंगणात हात जोडून उभ्या राहिल्या. त्यांचा तो चेहरा मला बघवला नाही.

दंडक आजही तोच आहे, ताईंची त्यावरची खात्री मात्र गेली. खटला पुन्हा कोर्टात गेला. त्याच्या प्रत्येक तारखेला ताई येतात आणि दोन्ही बाजूंपासून दूर, बाकावर बसतात. तिथे बोलायचा त्यांना अधिकार नाही. पुतणे दिसले की त्यांच्या आईची तब्येत तेवढी विचारतात. अजून कोणी उत्तर दिलेले नाही.

पंच्याहत्तरीचा सत्कार ताईंना नकोच होता. त्या मुलांनी काकांसोबत पुन्हा एकदा समोर बसावे, एवढेच त्यांना हवे आहे. तोवर ताई असायला हव्यात, धडधाकट हव्यात. आपल्याकडे खटला किती चालतो, हे आपण सारे जाणतो. म्हणून त्यांच्यासाठी आयुष्य मागताना मी हात आखडता घेणार नाही.