आधी वासराला

आज शनिवार, सकाळी दहा वाजून पाच मिनिटे. मी रबरी हातमोज्याच्या बोटांना सुईने भोके पाडत होतो. घोडबंदर रोडवरच्या एका बालवाडीत मी मदतनीस आहे. गाय पुठ्ठ्याची, आणि पांढरे पाणी भरलेला हातमोजा म्हणजे तिची कास.

गावी आमच्या गोठ्यात आधी वासराला पाजतात. त्याशिवाय गाय पान्हा सोडत नाही. मुलांनाही मी तसेच शिकवले. प्रत्येकाने कापडी वासरू कासेला लावले, मगच धार काढली.

सुटायच्या वेळी एका मुलीची आई दुधाची बाटली घेऊन आत आली. "अहो दादा, ही दूध घेतच नाहीये. म्हणते, आधी वासराला द्या."

मला हसू आले. वर्गाच्या बाईंना नाही आले. "अरे, तुला फक्त धार काढून दाखवायला सांगितलेली ना? वासरू कुणी आणायला सांगितलेलं? आठवी शिकलास, आता तू शिकवणार?"

सोमवारपासून मी फक्त गेटवर.

त्या मुलीला आईने दटावून तिथेच दूध पाजले. सगळ्या वर्गात तिला एकटीलाच माझे शिकवणे कळलेले.

दूध कोण देते, हे आपण मुलांना सांगतो. ते कोणासाठी असते, हे तुमच्यापैकी कोणी सांगता का?