ओठ कुठे मिटतात?

"मॅडम, ऋतुजाला काढावं लागेल."

व्हिडिओ करणाऱ्या मुलांपैकी ओंकारने हे इतक्या हळू सांगितलं, की मला वाटलं कुणी गेलं की काय. मी आकुर्डीच्या एका कॉलेजात मीडिया लॅब सांभाळते. लॅब म्हणजे काही कॉम्प्युटर, एक बऱ्यापैकी माइक आणि उन्हाळ्यातही स्वेटर घालायला लावणारा एसी. त्याआधी काळेवाडीत माझं एडिटिंगचं दुकान होतं. लग्नं, बारशी, वास्तुशांती आणि मधूनमधून कंपन्यांच्या सेफ्टी फिल्म. त्यामुळे बिघडलेला व्हिडिओ समोर आला की माझा हात आपोआप माऊसकडे जातो. माणूस काढा म्हणणारा मात्र पहिल्यांदाच आला होता.

"काढायचं म्हणजे?"

"फक्त पडद्यावरून. आवाज तिचाच ठेवू. चेहरा आमच्या वर्गातल्या सानिकाचा घेऊ. ऋतुजाला लिप-सिंक जमत नाहीये."

लिप-सिंक म्हणजे काय, ते सांगते. म्युझिक व्हिडिओत गाणं आधी लॅबमध्ये शांतपणे रेकॉर्ड होतं. शूटिंगच्या जागी तेच गाणं स्पीकरवर लावतात आणि गाणारा त्यावर ओठ हलवतो. नंतर एडिटिंगला चित्राखाली रेकॉर्ड केलेला स्वच्छ आवाज टाकायचा. ओठ आणि शब्द बरोबर भेटले की सिंक जुळलं. नाही भेटले तर बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण जेवणात खडा लागावा तसं काहीतरी खटकत राहतं.

ऋतुजा कोपऱ्यात मांडीवर सॅक घेऊन बसली होती. सेकंड इयरची मुलगी, चाकणच्या पुढच्या गावातली. गाणं तिनं लिहिलेलं, चाल तिची, आवाज तिचा. गावात एका कंपनीची भिंत आली आणि एक जुनं चिंचेचं झाड भिंतीच्या आत गेलं. फांद्या मात्र बाहेर राहिल्या. त्या फांद्यांखाली तिच्या आईची चहा-वडापावची गाडी लागते. त्यावर हे गाणं होतं:

खोड तुझं, सावली माझी,
चिंच त्याची ज्यानी उचलली.

"घ्या ना मॅडम सानिकाला," ऋतुजा म्हणाली. "कॅमेऱ्यात ती चांगली दिसते."

बसमध्ये कुणाला जागा द्यावी तशी ती आपलं गाणं देऊन टाकत होती. मला तिचा राग आला, ओंकारचाही आला. इंटर-कॉलेज स्पर्धेची एंट्री सोमवारी बंद होणार होती आणि आज शुक्रवार होता.

"आधी काय चुकलंय ते बघू," मी म्हटलं. "मग कुणाला काढायचं ते ठरवू."

पहिला संशय मोबाइलवर. शूटिंग ओंकारच्या फोनवर झालं होतं. फोन सेकंदाला ठरावीक चित्रं काढतो असं आपण समजतो, पण तो फार इमानदार नसतो. ऊन-सावली बदलली किंवा तापला, की मध्येच दोन-चार चित्रं कमी काढतो. मग चित्र आणि आवाज हळूहळू एकमेकांपासून सरकतात. याची खूण सोपी आहे. सुरुवात बरोबर असते आणि शेवट जास्त बिघडलेला असतो. मी फाइल बदलून घेतली, चित्रांची संख्या एकसारखी केली. काही फरक पडला नाही. शिवाय गाण्याचा शेवट तर उत्तम होता.

दुसरा संशय स्पीकरवर. ब्लूटूथ स्पीकरला आवाज किंचित उशिरा पोचतो. पण मग सगळं गाणंच सारखं मागे पडतं आणि एकदा सरकवलं की काम भागतं. मी पुढे सरकवलं, मागे सरकवलं. कडवी छान जुळली. ध्रुवपद मात्र जुळेना.

ओंकार मागून म्हणाला, "बघा ना मॅडम. प्रत्येक टेकमध्ये तिथंच चुकते ती."

"प्रत्येक टेकमध्ये?"

"सगळ्या. आम्ही वैतागलो होतो राव. सॉरी, मॅडम."

आता मला गंमत वाटायला लागली. मशीन चुकतं तेव्हा ते शब्द बघून चुकत नाही. आणि घाबरलेली मुलगी चुकली तर कधी इथं, कधी तिथं चुकेल. दरवेळी त्याच ओळीवर, तेही इतक्या शिस्तीत कशी चुकेल?

मी आवाज बंद केला आणि नुसते ओठ बघायला लागले. आमच्या धंद्यात सिंक पाहायची एक जुनी युक्ती आहे. प, फ, ब, भ, म यांतलं कुठलंही अक्षर म्हणून बघा, ओठ मिटतातच. मिटल्याशिवाय ते अक्षर येतच नाही. म्हणून एडिटर आधी ही अक्षरं शोधतो आणि चित्रातले मिटलेले ओठ त्यांच्याखाली आणून ठेवतो.

'खोड तुझं, सावली माझी' या ओळीत ओठ नीट मिटतात ते एकाच ठिकाणी, 'माझी'तल्या 'म'ला. 'सावली'तल्या 'व'ला ते नुसते जवळ येतात. पण पडद्यावरची ऋतुजा 'तुझं' म्हणताना ओठ मिटत होती. 'माझी' म्हणताना तर दोनदा मिटत होती.

मी फोनचा सेल्फी कॅमेरा लावला आणि म्हणून बघितलं. तुझं. माझी. तुझं. माझी. पाण्याची बाटली भरायला आलेले शिपाईमामा दारातच थांबले.

"कुनाशी भांडताय मॅडम?"

"स्वतःशीच," मी म्हटलं. 'तुझं'ला ओठ काही मिटले नाहीत आणि 'माझी'ला एकदाच मिटले.

तेवढ्यात ओंकारने तोडगा आणला. हल्लीच्या मुलांकडे तोडगे तयार असतात. "मॅडम, एआयनी करू ना. ॲप आहे. आवाज द्यायचा, व्हिडिओ द्यायचा. ते ओठच बदलून देतं. मग सानिका पण नको आणि रीशूट पण नको."

ऋतुजाने मान डोलावली. मलाही उत्सुकता होती, खोटं कशाला बोलू? टाकला व्हिडिओ. चहा पिऊन होईपर्यंत तयार झाला. आणि सिंक खरोखर चोख! 'तुझं' म्हणताना ओठ उघडे, 'माझी' म्हणताना एकदाच मिटलेले. त्याच वेळी आमचे एचओडी शिंदे सर डोकावले, उभ्याउभ्या बघितलं आणि म्हणाले, "झालं की मग! पाठवून द्या."

ऋतुजा खुर्चीतून उठून स्क्रीनच्या अगदी जवळ गेली. चेहरा तिचाच होता. फक्त नाकाखाली कुणीतरी दुसरंच राहायला आलं होतं. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली,

"ह्ये त्वांड मपलं न्हाई."

मी तिच्या ओठांकडे बघत होते, दुपारभर तेच तर करत होते. 'मपलं' म्हणताना ते दोनदा मिटले.

"काय म्हणालीस?"

"काही नाही मॅडम. माझं नाही वाटत, असं म्हटलं."

"ते नाही. आधी काय म्हणालीस?"

तिला वाटलं आता बोलणी बसणार. मान खाली घालून म्हणाली, "मपलं. चुकून आलं. गावाकडं तसं म्हणतात. माझं म्हणजे मपलं, तुझं म्हणजे तुपलं."

मी पळत जाऊन मूळ व्हिडिओ लावला. तुपलं: एकदा मिटले. मपली: दोनदा मिटले. फोन, स्पीकर, मुलगी, सगळे निर्दोष. ती ओठांनी एक गाणं म्हणत होती आणि आम्ही खाली दुसरंच गाणं टाकत होतो! दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच.

"म्हण बरं ओळ. तू लिहिलीस तशी."

तिने दाराकडे बघितलं. शिंदे सर तिथेच होते. ती पुटपुटली, "खोड तुपलं, सावली मपली. चिंच त्याची ज्यानी उचलली."

मपली, उचलली. यमकही जुळलं. इतका वेळ 'माझी' आणि 'उचलली' ऐकूनही माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. रेकॉर्डिंगच्या दिवशी शिंदे सरांनी तिचे शब्द प्रमाण करून दिले होते. वाढवले-घटवले नव्हते, मात्रा जवळपास तेवढ्याच, त्यामुळे चाल अडली नाही. लॅबमध्ये तिने सरांचे शब्द नीट गायले. पण शूटिंग झालं ते त्या भिंतीपाशी. समोर आईची गाडी, आजूबाजूला गावातली ओळखीची माणसं. स्पीकर शेजारीच ओरडत होता, ट्रक जात होते, त्यामुळे तिचा आवाज कुणालाच ऐकू गेला नाही.

"मुद्दाम केलंस?" ओंकारने विचारलं.

"नाही रे. मला वाटलं मी बरोबरच म्हणतेय. आईसमोर तुझं-माझं म्हणायला कसंतरीच वाटलं असतं. ती म्हणली असती, पोरगी पाव्हण्यावानी बोलाया लागली."

मी शिंदे सरांकडे वळले. "सर, गाणं पुन्हा रेकॉर्ड करू या. तिच्या शब्दांत."

"मॅडम, जज हसतील."

"हसू देत."

"तुम्ही पिंपरी-काळेवाडीत वाढलात. तुम्हाला नाही कळणार." सर चिडले नव्हते, पण आवाज बदलला होता. "मी बीडहून इथं आलो, तेव्हा नुसतं 'जेवायलोय' म्हटलं तरी होस्टेल हसायचं. वर्षभर मी मेसमध्ये तोंड उघडलं नाही. या पोरीवर ती पाळी नको, म्हणून शब्द बदलले. वाईट केलं का?"

माणूस चुकीचा नव्हता. मी त्यांना खुर्ची दिली, मूळ व्हिडिओ आवाज बंद करून लावला आणि म्हटलं, "ओठ बघा फक्त."

त्यांनी एकदा बघितला. पुन्हा लावायला सांगितला. दुसऱ्या वेळी त्यांचेही ओठ हलत होते.

"एकदाच रेकॉर्ड करा," ते उठत म्हणाले. "जुळलं तर जुळलं. नाही तर ते एआयवालं जाईल. आता नवीन शूटिंग नाही."

शनिवारी आम्ही उलटं काम केलं. एरवी आवाजावर ओठ हलवतात, आम्ही ओठांवर आवाज चढवायला बसलो. याला डबिंग म्हणतात. एसी बंद केला, बसचे हॉर्न येऊ नयेत म्हणून खिडकीला गाद्या लावल्या. ऋतुजाच्या कानाला हेडफोन, समोर स्क्रीनवर तीच, मूक. स्वतःचे ओठ बघून गायचं होतं. शिंदे सर मागे येऊन बसले.

कडवं जुळलं. ध्रुवपद आलं. स्क्रीनवरचे ओठ मिटले आणि माइकपुढची ऋतुजा गायली, "खोड तुझं..."

तिने जीभ चावली. पुन्हा घेतलं. पुन्हा "तुझं." शूटिंगला आईसमोर प्रमाण शब्द येत नव्हते, आज सरांसमोर घरचे येईनात. तिसऱ्यांदाही तेच. ओंकारने एआयवाल्या फाइलकडे बघितलं आणि मी त्याच्याकडे डोळे वटारले.

शिंदे सर उठले. मला वाटलं, आता संपलं. ते माइकपाशी गेले, तिच्या कानावरचा हेडफोन थोडा सरकवला आणि म्हणाले,

"पोरी, कामून भ्यायलीस? मी काय खायलोय का तुला? म्हण की तुझ्या आईवानी."

कॉलेजात सरांच्या तोंडून असं मराठी कुणी ऐकलंच नव्हतं. सर जरा लाजले. मग ऋतुजा हसली, अगदी मोकळी हसली, सरही हसले आणि ओंकारने घाईघाईने रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.

पुढचा टेक मी सरकवलासुद्धा नाही. 'तुपलं'च्या 'प'ला ओठ मिटले, 'मपली'ला दोनदा मिटले. इतक्या वर्षांत इतकं बिनचूक सिंक मी पाहिलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. एसी बंद असल्यामुळे घाम आलाय, असं मी ओंकारला सांगितलं.

स्पर्धेत गाण्याचा नंबर आला नाही. एडिटिंगचं बक्षीस मिळालं. परीक्षक स्टेजवरून म्हणाले, "लिप-सिंक अत्यंत चोख आहे. फक्त मुलांनी शब्दोच्चारांकडे जरा लक्ष द्यावं."

शेजारी बसलेले शिंदे सर पुटपुटले, "दिलंय की."

बक्षीस घेऊन आम्ही चाकणला गेलो, ऋतुजाच्या आईच्या गाडीवर. वडापाव खाताना ओंकारने फोनवर व्हिडिओ लावून त्यांच्या हातात दिला. कंपनीची शिफ्ट सुटलेली, बस आणि कंटेनरची रांग लागलेली. गाण्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

"ताई, थांबा, हेडफोन देते," मी ओरडून म्हटलं.

त्यांना तेही ऐकू गेलं नाही. त्या फोन धरून लेकीच्या तोंडाकडे बघत होत्या आणि त्यांचे ओठ आपोआप हलत होते. खोड तुपलं. सावली मपली. लेकीबरोबर मिटत होते, लेकीबरोबर उघडत होते. मी सवयीने सिंक तपासलं. कुठेही सरकवायची गरज नव्हती.

आता लॅबमध्ये कुणी तक्रार घेऊन आलं, की फोन, स्पीकर सगळं मी तपासतेच. पण ओठ बदलायचं बटण दाबण्याआधी एकदा विचारते, खाली टाकलेला आवाज बरोबर आहे ना?