दुधाच्या भावावरचं माझं भाषण

बनारसला मी बावीस वर्षं अर्थशास्त्र शिकवतोय. आमच्याकडे दूध घालणारा माणूस पूल ओलांडून रामनगरच्या पलीकडच्या गावातून यायचा, मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन लटकवून. त्याच्या चार म्हशी होत्या. अकरा वर्षांत त्याने फार तर चार-पाच खाडे केले असतील.

होळीनंतर एकदा तो दारात म्हणाला, "मास्टरसाहेब, लिटरमागे चार रुपये वाढवा. भुसा महागला, पेंड महागली."

"गेल्या वर्षीच तर वाढवले," मी म्हटलं. "आणि हल्ली दूध पातळ येतंय. पाणी घालतोस की काय?"

दूध पातळ नव्हतं. बायको त्यावरून रोज जाड साय काढत होती आणि मी ती खात होतो. पण घासाघीस करताना असं काहीतरी बोलायची मला सवयच होती. तो जुन्याच भावाने दूध मोजून गेला.

आठवड्याभरात त्याच्याच गावातल्या शाळेत दूध उत्पादकांचा मेळावा झाला. वक्ता म्हणून मला बोलावलं होतं. मी जोरात बोललो. शहर वाढतंय, पनीर-मिठाईची मागणी वाढतेय, या भागात दुधाला चांगले दिवस येणार. "शहरातल्या माणसाला शुद्ध दूध हवंय, आणि त्याची योग्य किंमत द्यायला तो तयार आहे."

टाळ्या पडल्या. मग डोक्यावर पदर घेतलेली एक बाई उठली. "साहेब, तुम्ही स्वतः काय भावाने घेता?"

तेवढ्यात तिसऱ्या रांगेत मला तो दिसला.

"माझा दूधवाला मागेल तो भाव मी देतो," मी म्हणालो. "घासाघीस करत नाही."

तो उठून बोलू शकला असता. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि तो मान खाली घालून गमछ्याची घडी करत बसला. बाईचं समाधान झालं. मला शाल दिली.

दुसऱ्या दिवशी तो आला, तेव्हा मी आधीच दारात उभा होतो. "चार नाही, सहा वाढव," मी म्हटलं.

"नको, मास्टरसाहेब. एक तारखेपासून दूध केंद्रावर घालणार आहे."

"तिथे भाव जास्त मिळतो?"

"तुमच्यापेक्षा कमी. पण तिथे दूध कसं आहे ते मशीन सांगतं."

माझे कान तापले. "काल तू तिथे काही बोलला नाहीस," कसाबसा मी म्हणालो.

"तुम्ही आमच्या गावात पाहुणे होतात."

तो गेल्यावर बायकोने विचारलं, "अहो, तो नको का म्हणाला?" लांब पडतं त्याला, असं मी सांगितलं. पुढे दोन महिने आमच्याकडे पिशवीचं दूध आलं. रोज ती ते तापवायची, वर साय धरत नाही म्हणून कुरकुरायची, आणि मी पेपरात डोकं घालून बसायचो. शेवटी एका रविवारी मी तिला सगळं सांगितलं, मंचावरचं खोटंसुद्धा.

"माफी मागितलीत?"

"नाही."

"मग इथे काय बसलाय?"

मी गेलो. तो गोठा धूत होता. गोठ्यात आता दोनच म्हशी होत्या. पेंड परवडेना म्हणून दोन विकल्याचं त्याने सहज सांगितलं. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "पाण्याचं मी खोटं बोललो होतो. आणि त्या दिवशी मंचावरही."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. त्याने खाटेवर बसवलं, पितळेच्या पेल्यात दूध दिलं. ते मला संपवावं लागलं.

मग माझ्यासमोर उकिडवं बसत त्याने अगदी मनापासून विचारलं, "मास्टरसाहेब, तुम्ही शिकलेले. खरं सांगा, भाव वाढेल का? उरलेल्या दोन ठेवू की विकू?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

तो मान हलवून पुन्हा कामाला लागला. घरी पुन्हा दूध घालशील का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.