सुमनकाकूंचं इटालियन

नेदरलँड्समधल्या रायस्वाइकमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सुमनकाकू पोळ्या लाटायला लागल्या की आमच्या छतातून इटालियन ऐकू येई. पोळपाटावर लाटण्याचा एक ठोका म्हणजे एक अक्षर; जिथे जोर, तिथे दणका. 'लोन-ता-नो': टक, धाड, टक. मी फोन केला तर म्हणाल्या, "अगं, सहन कर. पोळीही होतेय, उजळणीही होतेय."

काकू सोलापुरात शिवणाच्या बाई होत्या. निवृत्त होऊन मुलाकडे आल्या आणि इथल्या एका हौशी गायनवृंदात शिरल्या. मुलगा म्हणाला, "आई, आधी डच शीक. हाउसआर्ट्सशी, आपल्या फॅमिली डॉक्टरशी, बोलता तरी येईल." काकू म्हणाल्या, "दुखणी सांगायला भाषा शिकू होय? मी गायला शिकणार."

अडचण एकच होती: वृंदाच्या कार्यक्रमातलं एक गाणं इटालियन होतं. आपण मराठी माणसं पंगतीत वाढल्यासारखं प्रत्येक अक्षराला सारखंच वाढतो. इटालियनमध्ये एकालाच वाटीभर तूप, बाकीच्यांना थेंब. काकूंची अक्षरं सपाट पडत. कार्यक्रमाला महिना उरला तेव्हा संचालिकेने गोड शब्दांत सांगितलं, की इटालियन गाण्याला मागच्या रांगेत उभ्या राहा आणि नुसते ओठ हलवा.

काकू माझ्याकडे आल्या त्या लालबुंद होऊन. "नुसते ओठ हलवायला मी काय काचेच्या पेटीतला मासा आहे?"

"जाऊ दे ना काकू, एकच तर गाणं," मी मुळमुळीतपणे म्हणाले. त्याची मला अजून लाज वाटते.

मग महिनाभर धाड धाड. अख्खं गाणं अक्षराअक्षराला कात्रीने कापून फ्रिजवर चिकटवलेलं. जोडाक्षर आलं की मधोमध कात्री: 'नोत-ते'. "कुठे कापायचं ते कळलं की शिवण उसवत नाही." जोर बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर, पण 'रोन्दिने', म्हणजे पाकोळी, पहिल्यावरच. तो काकूंचा लाडका शब्द. "बघ, कुणाला न विचारता सुरुवातीलाच ठणकावते!"

कार्यक्रमात काकू सरळ पहिल्या रांगेत उभ्या राहिल्या आणि खुल्या गळ्याने गायल्या. नेमकं 'रोन्दिने' चुकलं, जोर मधल्या अक्षरावर पडला. संचालिकेने डोळे मिटले. दुसऱ्या कडव्यात तोच शब्द आला, तेव्हा काकूंनी पहिल्या अक्षरावर असा दणका दिला की तिने ते उघडले. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "चुकले गं. पण आवाजात चुकले." त्यानंतर त्यांना कुणी मागे उभं केलं नाही.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. अंत्यविधीला वृंदाने तेच गाणं म्हटलं. मला गाणं येत नाही, इटालियन तर मुळीच नाही; मी आपली ओठ हलवत होते.

मग 'रोन्दिने' आलं. मी आवाज लावला.