पल्लवीच्या गुडघ्याला लावलेला पाय

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, लेकीजवळ नाही. देवापुढं हात जोडले तर तिथंसुद्धा दुसरंच काहीतरी बोलून परत आले. तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. बसा जरा.

पण आधी माझ्या पोरींचं सांगू द्या. ते सांगितल्याशिवाय माझ्यानं पुढं बोलवणार नाही.

सांगलीचा मुलींचा बास्केटबॉलचा संघ होता आमचा. पगारी संघ बरं का, हौसेचा नव्हे. पोरी करारावर घेतलेल्या, त्यांना राहायला माधवनगरात एक बंगला भाड्यानं घेतलेला, आणि त्यांच्या जेवणाला मी. तोवर मी खेळ बघितला तो कबड्डीचा. एवढ्याशा जाळीसाठी एवढाल्या पोरी का भांडतात, हे मला महिनाभर कळलं नव्हतं. नंतर मात्र पंचानं शिट्टी चुकीची मारली तर सगळ्यांत आधी मी उठून उभी राहायची.

त्या साली पोरींना लागायचं थांबेचना. पहिल्याच सामन्यात एकीचा घोटा मुरगळला. मग एकीचं बोट, मग आमच्या सगळ्यांत उंच पोरीचा खांदा. तिचा उजवा हात गळ्यात, तेव्हा तिला मी घास भरवायची, आणि ती म्हणायची, आजी, चटणी जरा जास्त लावा. फ्रिजमध्ये दुधापेक्षा बर्फाच्या पिशव्या जास्त. पेपरात आलं की हा संघ आता तळाला जाणार. रेश्मानं — ती कॅप्टन, लय तोंडाळ पोरगी — ती बातमी कापून फ्रिजच्या दारावर चिकटवली. दूध काढायला आलं की वाचायची.

आणि तळाला गेल्या नाहीत हो माझ्या पोरी. शेवटी धड अशा सातच राहिल्या. पाच मैदानात, दोन बाहेर. समोरच्या संघाच्या बाकावर बसायला जागा नसायची, आमचा बाक ओकाबोका. तरी सामन्यामागून सामना काढला आणि बाद फेरीत गेल्या. आजही आठवलं की माझा ऊर भरून येतो. खोटं कशाला बोलू?

खोटं. हं. तिकडंच यायचं आहे.

झालं असं, की मधेच रेश्माला उसण भरली. पाठ अशी धरली की वाकता येईना, पाणी प्यायला मान वळेना. फिजिओ मॅडमनी शेक दिला, झोपून राहा म्हणाल्या. दोन दिवस झाले तरी ती कण्हतच होती. तुम्ही आमच्या भागातले असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, उसण भरली की माणूस पायाळूकडं जातो. जो पायाकडून जन्मला तो पायाळू. त्यानं पाठीला पाय लावला की उसण उतरते, अशी समजूत. रेश्मा म्हणाली, आजी, इथं कुणी पायाळू आहे का बघा की. आणि मी पदर खोचत म्हणाले, बघायचं कशाला, मीच हाय.

का म्हणाले? थांबा. सांगते.

पायाळू माझी धाकटी बहीण, कुसुम. आता म्हसवडला असते. लहानपणी आमच्या दारात गावोगावची माणसं यायची. कंबर धरलेली, बैलगाडीतून उतरवलेली. कुसुमला पाटावर उभी करायची, तिनं नुसता पाय लावायचा, की तिला नारळ, गूळ, कधी परकराचं कापड. आभाळात वीज चमकली की आई तिला घरात ओढायची, पायाळूवर वीज पडते म्हणून. आणि वाळत घातलेल्या मिरच्या आणायला अंगणात मी. माझ्यावर वीज पडणार नव्हती. मी आपली डोक्याकडून जन्मलेली, चारचौघींसारखी.

म्हातारी झाले तरी ते मनातून गेलं नव्हतं, एवढंच म्हणते. रेश्मा चटईवर पालथी पडली, मी कुसुमसारखाच डावा पाय लावला, आणि दुसऱ्या दिवशी पोरगी उठून बसली. शेकानं उठली असेल, झोपून राहिल्यानं उठली असेल. पण नाव माझ्या पायाचं झालं. मग काय, प्रत्येक सामन्याआधी पोरी ओळीनं चटईवर. फिजिओ मॅडम हसायच्या, म्हणायच्या, होऊ द्या, तुमचा पाय आणि माझी पट्टी. त्या ओळीसमोर मी उभी असायची ना — काय सांगू. आयुष्यात कुणी माझ्यासाठी असं ओळीनं थांबलं नव्हतं.

आता पल्लवी.

साताऱ्याकडची पोर, बाप फौजेत. दुखलं म्हणून कधी तोंडातून शब्द नाही. उपांत्य सामन्याच्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते, तर ही स्वयंपाकघरात आली आणि दार लोटून घेतलं. पँट वर केली. गुडघा एवढा सुजलेला की वाटी दिसेना. आदल्या दिवशी सरावात उडी मारून उतरताना आत काहीतरी कट्कन वाजलं म्हणाली. मॅडमना बोलली नव्हती.

"सांगितलं तर बशिवतील मला," म्हणाली. "सातातली एक गेली तर ऱ्हातंय काय? आजी, तुमी पाय लावा."

पायाळूचा पाय उसणीला लावतात, गुडघ्याला नव्हे. हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. माझे हात पिठात तसेच. तिनं माझ्याकडं सरळ बघितलं.

"आजी, खरं सांगा. तुमी पायाळू हाय न्हवं?"

तुम्ही म्हणाल, एका शब्दाचं उत्तर. हो, एकाच शब्दाचं. न्हाई म्हटलं असतं तर ती मॅडमकडं गेली असती. मग सगळ्या पोरींना कळलं असतं. चटईवरची ओळ मोडली असती. हे सगळं मला तिथल्या तिथं दिसलं — मी गडबडले, सुचलं नाही, असं मुळीच नव्हतं.

"व्हय," म्हणाले.

"मग खेळते मी."

आणि मी हात धुतले, आणि त्या सुजलेल्या गुडघ्याला पाय लावला.

ती खेळली. उपांत्य सामना जिंकलो. अंतिम सामन्यात तर अशी खेळली की सांगलीची माणसं बाकांवर उभी राहिली. शेवटी शेवटी जाळीवरून परतलेला चेंडू झेलायला उडाली, चेंडू घेतला, रेश्माकडं फेकला, आणि खाली आली ती उभी राहिलीच नाही. त्याच चेंडूवर आम्ही जिंकलो. पोरींनी तिला खांद्यावर घेऊन कप तिच्या हातात दिला, आणि ती हसत होती, ओठ दाताखाली धरून. फोटोत मीही आहे. कपाला माझा हात लागलेला आहे.

डॉक्टर म्हणाले, गुडघा आधीच फाटलेला होता. त्यावर खेळली नसती तर निभावलं असतं. फिजिओ मॅडम दवाखान्यात सगळ्यांसमोर म्हणाल्या, हिनं कुणाला तरी सांगितलं असणार. कुणाला? मी थर्मासमधून चहा ओतत होते. ओतत राहिले. पल्लवी भिंतीकडं बघून म्हणाली, "कुणालाच नाही."

मला वाचवलं तिनं. तिला वाटलं, आजीनं मायेनं पाय लावला, गुण आला नाही, त्याला आजी काय करणार.

पुढच्या वर्षी तिचा करार झाला नाही. कधीच झाला नाही. आता ती पाचगणीला एका शाळेत खेळाची बाई आहे. पोरींना लय छान शिकवते, त्याचाही मला अभिमान वाटतो, आणि तो वाटून घ्यायचा मला काय हक्क, तेही कळतं.

गेल्या महिन्यात सांगलीला शाळांचे सामने होते. ती आपल्या पोरींना घेऊन माझ्या घरी आली. जिना चढताना आधी डावा पाय, मग उजवा ओढून त्याच पायरीवर. एका पोरीची पाठ धरली होती. पल्लवीनं तिला चटईवर झोपवलं आणि म्हणाली, घाबरू नको, ह्या पायाळू आहेत, आमचा कप ह्यांच्या पायानं आलाय. सगळ्या पोरी माझ्याकडं बघायला लागल्या.

मी म्हणाले, आता वय झालं, पाय उचलवत नाही.

उचलवतो. रोज दोन मजले चढते मी.

तेव्हाही सांगता आलं असतं. पल्लवी समोरच होती. तिनं त्या पोरीला हात देऊन उठवलं, मला वाकून नमस्कार केला, आणि वाकताना गुडघा दुमडत नाही म्हणून उजवा पाय बाजूला लांब करावा लागला तिला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आशीर्वाद दिला.

मी पायाळू नाही. तिनं खरं सांगा म्हणूनच विचारलं होतं.